कौन्सिलच्या रिसायकलिंगच्या टक्क्यांत ‘कंपोस्ट’ म्हणून काय धरतात?

आमच्या परसात कुंपणाला टेकून एक काळा, घंटेच्या आकाराचा प्लॅस्टिकचा डबा उभा आहे. इथे ब्रिटनमध्ये लोक गमतीने त्याला ‘डालेक’ म्हणतात. कांद्याची सालं, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, वाळकी पानं असं वर्षभर त्यात पडत राहतं. मार्च-एप्रिलात खालच्या झडपेतून चार-पाच घमेली काळंभोर, ओल्या मातीच्या वासाचं खत निघतं. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, हिशेबात या खताचं वजन शून्य. शेजारचे गृहस्थ मात्र पावसात भिजलेलं गवत दर पंधरा दिवसांनी कौन्सिलच्या बागेच्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात दाबून भरतात. ते पाण्यासकट तोललं जातं आणि कौन्सिलच्या खात्यावर ‘रिसायकल झालं’ म्हणून जमा होतं.

यात लबाडी कुणाचीच नाही, हिशेबच तसा मांडलेला आहे. पण तो कसा मांडलाय हे माहीत नसलं की आपण भलत्याच गोष्टीवर खूश होतो किंवा भलत्याच गोष्टीवर चिडतो. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत ‘आमच्या कौन्सिलचे ५५ टक्के, तुमचे ३५च कसे?’ हा विषय निघतोच. पुढच्या पायऱ्या त्यासाठी. आपल्या कौन्सिलचा आकडा काढायचा, त्यातला कंपोस्टचा वाटा सोडवायचा, त्यात खरं काय आहे ते बघायचं आणि मग आपल्या घरातल्या डब्यांचं ठरवायचं.

पायरी पहिली: तुम्ही कुठल्या नियमाखाली येता?

युनायटेड किंगडममध्ये कचऱ्याचा हिशेब चार ठिकाणी (इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड) चार तऱ्हांचा आहे. त्यामुळे वेल्समधल्या कार्डिफच्या मावसभावाशी इंग्लंडमधल्या लेस्टरची तुलना करायची तर आधी हे बघावं लागतं.

इंग्लंडने २०२० पर्यंत घरगुती कचऱ्यापैकी ५० टक्के रिसायकल करायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. २०२३ साली आकडा ४४ टक्क्यांवर होता आणि त्याआधीची कित्येक वर्षं तो याच आसपास घुटमळत होता. वेल्समध्ये उद्दिष्ट कायद्याने बांधलेलं आहे: २०१९-२० साठी ६४ टक्के, २०२४-२५ साठी ७०. कौन्सिल कमी पडली तर प्रत्येक कमी टनामागे २०० पौंड दंड करायची सोय तिथल्या सरकारकडे आहे. तिथल्या बावीसच्या बावीस कौन्सिली खरकटं वेगळं उचलतात, त्याचं एक कारण हा दंड आहे. स्कॉटलंडने कंपोस्टसाठी दर्जाची अट घातली आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

त्यानंतर तुमची कौन्सिल एकपदरी आहे की दुपदरी ते बघा. स्लाऊसारख्या ठिकाणी उचलणं आणि विल्हेवाट दोन्ही एकाच कौन्सिलकडे असतं. ग्रामीण भागात बहुधा डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलते आणि काउंटी कौन्सिल विल्हेवाट लावते. दोघींचे टक्के वेगळे छापून येतात. कारण मोठ्या कचरा केंद्रावर, म्हणजे ‘टिप’वर, लोक गाडीने नेऊन टाकतात तो बागेचा कचरा काउंटीच्या खात्यात जातो. लंडनच्या पश्चिमेला हॅरो, ब्रेंट, ईलिंग, हिलिंग्डन, हाऊन्स्लो आणि रिचमंड या सहा बरोंच्या, म्हणजे लंडनमधल्या कौन्सिलींच्या, कचऱ्याची विल्हेवाट एका सामाईक प्राधिकरणाकडे आहे. म्हणजे डब्यात काय चालतं ते तुमचा बरो सांगणार आणि ते पुढे कुठे जातं हे प्राधिकरण.

पायरी दुसरी: टक्का कशाचा कशावर?

सूत्र सरळ आहे. वर्षभरात पुनर्वापर, रिसायकलिंग आणि कंपोस्टिंगसाठी पाठवलेल्या घरगुती कचऱ्याचं वजन, भागिले एकूण घरगुती कचऱ्याचं वजन. वर्ष एप्रिल ते मार्च. कौन्सिली दर तिमाहीला हे आकडे ‘वेस्टडेटाफ्लो’ नावाच्या सरकारी प्रणालीत भरतात. कौन्सिलची माणसं अजूनही या टक्क्याला ‘एनआय १९२’ म्हणतात. ते एका जुन्या सरकारी निर्देशांकाचं नाव आहे. निर्देशांक गेला, नाव तोंडात राहिलं.

देशपातळीवर २०१४ पासून ‘घरांतून आलेला कचरा’ असं जरा वेगळं मोजमाप वापरतात. त्यात रस्त्याची झाडलोट, रस्त्यावरच्या पेट्या, उद्यानांतला कचरा धरत नाहीत. म्हणून वर्तमानपत्रातला देशाचा टक्का आणि तुमच्या कौन्सिलच्या पत्रकातला टक्का एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

सूत्रातला ‘पाठवलेल्या’ हा शब्द नीट बघा. मोजतात ते प्रकल्पाच्या दाराशी पोचलेलं वजन. बाहेर पडलेलं खत कोणी मोजत नाही. गवत-पाचोळ्याचं खत होताना पाणी वाफ होऊन जातं, कार्बन वायू होऊन जातो आणि ढीग निम्म्याच्या आसपास येतो. तरी दहा टन आत गेलं तर टक्क्यात दहा टनच लागतात. दारातच परत पाठवलेली गाडी किंवा चाळणीत निघालेलं प्लॅस्टिक वजा होतं, किंवा व्हायला हवं.

पायरी तिसरी: एका घराचं गणित करून बघा

हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा कुठे मला सगळा प्रकार उलगडला. आकडे सोयीसाठी गोल घेतलेत.

समजा एका घरातून वर्षाला १००० किलो कचरा निघतो. कागद, काच, डबे, बाटल्या ३०० किलो. बागेचा कचरा २०० किलो. बाकी ५०० किलो कौन्सिलच्या काळ्या डब्यात, म्हणजे रिसायकल न होणारा उरलेला कचरा. टक्का झाला ५०.

पुढच्या वर्षी घरातल्यांनी डालेक आणला आणि बागेच्या कचऱ्यातला १५० किलो परसातच जिरवला. आता कौन्सिल ८५० किलो उचलते, त्यातलं ३०० अधिक ५० रिसायकल. ३५० भागिले ८५०, म्हणजे ४१ टक्के. ट्रक दीडशे किलोने हलका झाला, डिझेल वाचलं, खत घरच्या टोमॅटोला मिळालं आणि टक्का नऊने घसरला.

उलटंही होतं. ज्या कौन्सिलीच्या हद्दीत मोठमोठ्या हिरवळींची घरं आहेत, तिचा टक्का मुळातच फुगतो. गवत जड, त्यात ते ओलं. सोळा मजली इमारतींच्या बरोला बागच नाही, तर गवत कुठून आणणार? २०२२ च्या उन्हाळ्यात १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कोनिंग्स्बीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या वर्षी देशभर हिरवळी करपल्या, बागेचा कचरा घटला आणि इंग्लंडचा टक्का ४४.१ वरून ४३.४ वर आला. लोकांनी काही कमी वेगळं केलं म्हणून हे झालं नव्हतं. गवत वाढलंच नव्हतं, हे त्यातलं मोठं कारण.

पायरी चौथी: काय धरतात, काय नाही

हीच खरी गुंतागुंत. एकेक प्रवाह घेऊ.

बागेचा कचरा, वेगळा उचललेला. हा धरतात. उघड्यावर लांबच लांब ढीग घालतात, यंत्राने उलथतात, काही महिने मुरू देतात. यातल्या चाळणीवर उरलेल्या जाड फांद्या मात्र काही ठिकाणी इंधन म्हणून भट्टीत जातात. जळालेलं लाकूड रिसायकल नव्हे, तेव्हा ते वजन वगळायला हवं. विचारण्याजोगा हा पहिला प्रश्न.

खरकटं आणि बागेचा कचरा एकत्र. यात मांस, मासे, दूध येऊ शकतं म्हणून प्राणिजन्य पदार्थांचे नियम लागतात आणि उघड्या ढिगावर ते घालता येत नाही. बंदिस्त कोठीत, ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ ते ठेवावंच लागतं. उदाहरणार्थ ६० अंशांवर दोन दिवस. हेही धरतात.

खरकटं, एकट्याने वेगळं उचललेलं. आपण ज्याला ओला कचरा म्हणतो तो. ‘कंपोस्ट’ या शब्दाने इथेच फसायला होतं, कारण यातला बहुतेक माल खत करायला जातच नाही. तो हवाबंद टाकीत जातो, म्हणजे मोठ्या गोबरगॅसमध्येच म्हणा ना. गॅसवर वीज होते किंवा तो शुद्ध करून गॅसच्या जाळ्यात सोडतात, आणि खाली उरणारी पातळ रबडी शेतकरी शेतात टाकतो. गावाकडे ज्यांच्या परसात गोबरगॅस होता त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ही रबडी शेतात गेली की सगळं ‘सेंद्रिय रिसायकलिंग’ म्हणून धरतात.

मिश्र काळ्या डब्यातून यंत्राने वेगळं काढलेलं. हे धरत नाहीत, आणि माझ्या मते रास्तच आहे. सगळा कचरा एकत्र कुटून, चाळून, कुजवून जे बाहेर येतं ते दिसायला खतासारखं असतं. त्याचं अधिकृत नावच ‘कंपोस्टसारखं उत्पादन’ असं आहे. पण त्यात काचेचा चुरा, प्लॅस्टिकच्या चिंध्या, बॅटऱ्यांमधले धातू उतरलेले असतात. ते अन्न पिकणाऱ्या शेतात जात नाही. फार तर परवानगी काढून जुन्या खाणी-भराव झाकायला वापरतात. युरोपीय संघानेही २०१८ च्या सुधारित निर्देशात ठरवून टाकलं, की १ जानेवारी २०२७ पासून जैविक कचरा जागेवरच किंवा उचलतानाच वेगळा केलेला असेल तरच रिसायकल म्हणून मोजायचा.

रस्त्यावरचा पालापाचोळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यंत्रगाडीने ओढलेली पानं बघून वाटतं, यापेक्षा चांगलं खत कशाचं होणार? पण त्या पानांबरोबर टायरचा भुगा, तेल, सिगारेटची थोटकं येतात. दर्जेदार कंपोस्टमध्ये ती घालायला इंग्लंडमध्ये मुभा नाही. पूर्वी काही कौन्सिली ती कंपोस्टात धरायच्या. २०१२ च्या सुमाराला नियम स्पष्ट झाले तेव्हा ते बंद पडलं.

घरचा डालेक, गांडूळखताची पेटी, बोकाशीची (खरकटं आंबवायची) बादली. नाही. कौन्सिलने उचललंच नाही, तोललंच नाही, म्हणून अंशातही नाही आणि छेदातही नाही.

कागदावर हे सगळं स्वच्छ दिसतं. आता दर्जाचं बघू. ब्रिटनमध्ये कंपोस्टचं प्रमाणपत्र म्हणजे ‘पास १००’. त्याच्या नियमात बसायचं तर कच्चा माल मुळातच वेगळा केलेला हवा. दोन मिलिमीटरहून मोठे काच, धातू, प्लॅस्टिकचे तुकडे मिळून वजनाच्या ०.२५ टक्क्यांवर चालत नाहीत आणि त्यातही प्लॅस्टिक ०.१२ टक्क्यांच्या आत. २५ ग्रॅमच्या नमुन्यात साल्मोनेला अजिबात सापडता कामा नये. शिसं किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम १.५ च्या आत. आणि मला सगळ्यात आवडलेली परीक्षा म्हणजे त्या कंपोस्टमध्ये टोमॅटोचं बी पेरून रोपं नीट उगवतात का ते बघतात. प्रयोगशाळेला सगळं कळलं तरी शेवटी टोमॅटोला विचारायचंच!

स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून या दर्जाला न पोचलेलं कंपोस्ट रिसायकलिंगमध्ये धरत नाहीत. इंग्लंडमध्ये पास १०० आणि त्याच्या जोडीचे दर्जानियम पाळले नाहीत तर तयार माल कायद्याने ‘कचरा’च राहतो आणि शेतात पसरायला वेगळी परवानगी लागते.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना शहर कंपोस्टचे आपल्याकडचे निकष माहीत असतील. नगरपालिकांच्या कंपोस्टसाठी राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा छाप काढला, त्यामागे केंद्राच्या खत नियंत्रण आदेशातली मापं आहेत. त्यात शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम, म्हणजे ब्रिटनच्या निम्मी. पाऱ्याचीही कितीतरी कडक: ०.१५, इथे १. कॅडमियमला मात्र आपल्याकडे ५ पर्यंत चालतं आणि जस्ताला १०००, इथे ४००. तेव्हा ‘तिकडचं सगळंच काटेकोर’ असं म्हणायची घाई नको.

पायरी पाचवी: आपल्या स्वयंपाकघरातला डबा

इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२६ पासून घरोघरचं खरकटं दर आठवड्याला वेगळं उचलायचं बंधन कौन्सिलींवर आहे. काहींना जुन्या करारांमुळे पुढची मुदत मिळाली आहे. तुमच्याकडे छोटा डबा, ‘कॅडी’, आला असेल तर थोडं मराठी घरापुरतं सांगतो.

उरलेली भाजी, आमटीतली डाळ, चिकनची हाडं, करपलेली पोळी, चहाचा चोथा हे सगळं चालतं. आमटी मात्र गाळून टाका, पातळ रस्सा डब्यात साचला की उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी झाकण उघडवत नाही. तळणीचं तेल ओतू नका. आंब्याची कोय बहुधा चालते. करवंटीचं ज्या-त्या कौन्सिलच्या यादीत बघा, कारण ती टाकीत कुजत नाही आणि यंत्राला त्रास देते. आम्ही करवंट्या मोगऱ्याच्या कुंडीत तळाला घालतो. हळदीने डबा पिवळा पडतो, त्याला इलाज नाही.

पिशवीवरून सर्वांत जास्त गोंधळ. ‘कंपोस्टेबल’ पिशवीवर ईएन १३४३२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत विरते. परसातल्या गार डालेकमध्ये तीच पिशवी वर्षानंतरही जशीच्या तशी मिळू शकते. आणि खरकटं टाकीच्या प्रकल्पात जाणार असेल तर तिथे बहुधा सगळ्या पिशव्या सुरुवातीलाच फाडून बाजूला काढतात, कंपोस्टेबल असो वा साधी. म्हणून काही कौन्सिली सरळ साधी प्लॅस्टिकची पिशवी चालेल म्हणतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रकल्पानुसार ते बरोबर असतं. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेले कॉफीचे पेले मात्र यादीत नाव असल्याशिवाय कुठल्याच सेंद्रिय डब्यात टाकू नका.

गणपतीतलं निर्माल्य: फुलं, दुर्वा, पत्री बागेच्या डब्यात चालतात. हाराचा दोरा, जरीची पट्टी, प्लॅस्टिकची मणीमाळ आधी सोडवायची. एका वर्षी आमच्याकडच्या हारांसकट भरलेल्या डब्यावर ‘दूषित’ अशी चिठ्ठी लावून तो तसाच सोडून गेले होते. रागच आला होता. मग हार सोडवायला बसलो तर अर्धा किलो फुलांमागे मूठभर नायलॉन निघाला. ०.१२ टक्क्यांची मर्यादा आठवा.

पायरी सहावी: कौन्सिलला नेमकं काय विचारायचं

‘आमचा कचरा कुठे जातो?’ असं विचारलंत तर गुळगुळीत उत्तर येईल. वेस्टडेटाफ्लोमध्ये ‘प्रश्न १००’ म्हणून एक भाग आहे. कुठला माल किती टन, कुठल्या प्रकल्पात गेला, तिथून पुढे काय झालं, हे कौन्सिलला तिथे भरावंच लागतं. म्हणजे माहिती त्यांच्याकडे असतेच. ही पर्यावरणविषयक माहिती असल्यामुळे २००४ च्या नियमांखाली साधा ईमेल पुरतो आणि कामाच्या २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी विचारतो ते असं:

गेल्या आर्थिक वर्षात बागेचा कचरा, खरकटं आणि दोन्ही एकत्र, असे वेगवेगळे किती टन उचलले?
ते कुठल्या प्रकल्पांत गेले आणि त्या प्रकल्पांकडे पास १०० किंवा टाकीतल्या रबडीसाठीचं पास ११० आहे का?
दूषित म्हणून नाकारलेलं वजन किती, आणि ते टक्क्यातून वजा केलंय का?
जाड फांद्या इंधनाला गेल्या का, किती?
काळ्या डब्यातलं वजन दरघरी किती किलो?

शेवटचा प्रश्न गाळू नका. टक्का गवताने फुगतो आणि उन्हाने आकसतो. काळ्या डब्यातले किलो तसे हलत नाहीत, आणि घरच्या डालेकचा उपयोग दिसलाच तर तिथेच दिसतो, कारण डालेकात गेलेली भाजीची सालं तिथूनच कमी होतात. इंग्लंडच्या सरकारनेही कायद्याने ठरवलेलं नवं लक्ष्य याच बाजूचं आहे: उरलेला कचरा दरडोई २०४२ पर्यंत २०१९ च्या निम्म्यावर.

आणि बागेच्या डब्याची वर्गणी? खरकटं उचलणं फुकट असलं तरी बागेच्या कचऱ्याला पैसे घ्यायची कौन्सिलींना मुभा आहे. छोटी बाग असेल तर माझं मत डालेकच्या बाजूने. गवत एक घमेलं, त्यावर फाडलेला पुठ्ठा एक घमेलं, असे थर देत जा. नुसतं गवत घातलंत तर पंधरा दिवसांत त्याचा चिकट, आंबूस लगदा होतो आणि शेजारी खिडकी लावून घेतात. शिजलेलं अन्न आणि मांस त्यात नको, उंदीर येतात, ते कॅडीत. मोठं कुंपण असेल, वर्षातून दोनदा गाडीभर फांद्या निघत असतील, तर वर्गणी भरा किंवा टिपवर नेऊन टाका. टिपवर नेताना पिशव्या उलट्या करून रिकाम्या पिशव्या परत आणायच्या. दारावरचा माणूस ते बघतो.